व्लास्ता आणि मेणाचं कडं

लीपा गावात कुणाच्या घरचं संडासाचं भांडं डुगडुगतंय, हे त्या घरातल्या पाहुण्यांच्या आधी व्लास्ता कोझिशेकला कळायचं. गाव जेमतेम साडेसहाशे वस्तीचं. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांमधलं, चेक लोकांनी वसवलेलं. तिथल्या एकुलत्या एक हार्डवेअरच्या दुकानात नळ-पाइपांचा विभाग व्लास्ताच्या ताब्यात होता. एकसष्ट वर्षांची बाई. ठेंगणी, रुंद खांद्यांची, नाकावर चष्मा, आणि चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्या बघण्याने भले भले शेतकरी अडखळायचे.

पुरुषमाणसाला बाईकडे जाऊन संडासाबद्दल विचारणं जड जायचं. मग तो तिच्यासमोरून, जणू खिळेच घ्यायला आल्यासारखा, सरळ रंगाच्या विभागात जायचा. तिथे रे नावाचे म्हातारे गृहस्थ असायचे. त्यांच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी सांगायचा. रे बिचारे कानाने अधू. ते पूर्ण ऐकून घ्यायचे आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "व्लास्ता! यांच्या भांड्याखालनं पाणी येतंय!"

"कुठल्या बाजूनं?" व्लास्ता तिकडून तेवढ्याच जोरात विचारायची. "पुढून की मागून? वास येतो का?"

एवढं झालं की तो माणूस कान लाल करून तिच्यासमोर येऊन उभा राहायचा. ती त्याच्या पुढ्यात पिवळसर मेणाचं एक जाड कडं ठेवायची. भांड्याचं बूड आणि जमिनीतल्या पाइपाचं तोंड यांच्यामध्ये हे कडं बसतं. भांड्याच्या वजनाने मेण दाबलं जातं, फट बुजते, आणि मग ना पाणी बाहेर येतं ना वास.

"जुनंच चालेल की," नव्वद टक्के लोक म्हणायचे. "चांगलं दिसतंय."

तेव्हा व्लास्ता चष्म्यावरून बघायची. "हे बघ. बायकोच्या बोटातली अंगठी जन्मभर एकच. पण हे कडं भांडं उचललं की नवीन. यात गल्लत केलीस, तर दोन्हीकडे घाण होईल."

लोक हसायचे आणि कडं घेऊन जायचे. न हसणारेही घेऊन जायचे.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. नवरा स्टॅन होता तोवर तिने पाना हातात धरला नव्हता. स्टॅन धान्याचा ट्रक चालवायचा, बोलायचा कमी. तो हृदयविकाराने गेला आणि सहा महिन्यांनी न्हाणीघरातली जमीन पायाखाली मऊ लागायला लागली. व्लास्ताने दिराला बोलावलं नाही. दीर म्हणजे लुमिर, स्टॅनचा धाकटा भाऊ, गावात "सगळं येणारा" म्हणून स्वतःच प्रसिद्ध केलेला माणूस. तिने स्वतःच पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, नट सोडवले आणि भांडं छातीशी धरून उचललं. खाली काय निघालं? एक जुनं मेणाचं कडं, त्यावर त्याहून जुनं कडं, आणि उरलेल्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे. वर्तमानपत्रावर तारीख होती. ज्या उन्हाळ्यात लुमिरने "वहिनीला कशाला खर्चात पाडायचं" म्हणून भांडं बसवून दिलं होतं, त्याच उन्हाळ्यातली.

त्या दिवशी ती दुकानात तीनदा गेली. पहिल्यांदा कडं आणलं, ते पातळ निघालं. दुसऱ्यांदा जाड आणलं, तर गंजलेले बोल्ट तुटले. तिसऱ्यांदा ती केसांत मेण, गालावर काळा डाग आणि हातात तुटका बोल्ट घेऊन आली तेव्हा मालक हावेल यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"बसलं का?"

"बसेल. नाही बसलं तर मी त्याला बसवीन."

"व्लास्ता," ते म्हणाले, "नाहीतरी दिवसातनं तीनदा येतेसच. सोमवारपासून इथेच थांब."

ती थांबली, त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

आता गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. उपासाचा मोठा काळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी लीपाच्या चर्चमध्ये बदकाचं जेवण असतं. भाजलेली बदकं, उकडीचे मोठाले गोळे, आंबट कोबी, बीटाचं लोणचं आणि कोलाच्या, म्हणजे खसखस किंवा मनुकांचं सारण भरलेले गोल गोड पाव. चाळीस मैलांवरून लोक येतात. चारशे माणसं जेवतात आणि जेवलेल्या चारशे माणसांना कधी ना कधी बायकांच्या किंवा पुरुषांच्या खोलीत जावंच लागतं.

त्या वर्षी बायकांच्या खोलीत नव्या लाद्या बसवल्या होत्या. बसवल्या लुमिरने. तो चर्चच्या इमारत समितीचा प्रमुख होता, म्हणजे समितीत तो एकटाच होता. लाद्या खरंच सुंदर बसल्या होत्या, रेषेत रेष. आता भांडं परत बसवायचं राहिलं होतं. त्यासाठी दोन बोल्ट घ्यायला तो बुधवारी दुकानात आला.

"आणि कडं?" व्लास्ताने विचारलं.

"आहे."

"कुठलं आहे?"

"जुनंच. अलगद काढून ठेवलंय."

"लुमिर, तू जुन्या लाद्यांवर नव्या लाद्या चढवल्यास ना? जमीन बोटभर वर आली. पाइपाचं तोंड होतं तिथेच राहिलं. नवं साधं कडंसुद्धा पुरायचं नाही, जाड लागेल. आणि तू जुनं, दाबलेलं लावणार?"

"मेण आहे ते, पाव नाही शिळा व्हायला."

"चर्चसाठी म्हणून फुकट देते. घेऊन जा."

"फुकट दिलंस तरी नको. तत्त्वाचा प्रश्न आहे." लुमिर छाती काढून म्हणाला. सहा फूट उंच, काठीसारखा सरळ, मिशा पांढऱ्या आणि टोकाला वळवलेल्या. "चाळीस वर्षं मी भांडी बसवतोय."

"ते माहितीये मला. तुझं वर्तमानपत्र मी वाचलंय."

रंगाच्या विभागात रे फिस्सकन हसले. नको ते त्यांना बरोब्बर ऐकू यायचं. लुमिरच्या मिशा थरथरल्या. "बरं, पैज लाव. गळलं, तर रविवारी मी तुमच्या बायकांचा ॲप्रन घालून, डोक्याला रुमाल बांधून चारशे माणसांची भांडी घासीन. नाही गळलं, तर सोमवारी याच दुकानात, सगळ्यांसमोर, तू म्हणायचंस, 'लुमिरचं बरोबर होतं.'"

व्लास्ताने क्षणभर विचार केला. तिला भांडी घासणं परवडलं असतं. हे वाक्य उच्चारणं परवडणारं नव्हतं.

"लावली," ती म्हणाली.

गुरुवारी भांडं बसलं. लुमिरने तीनदा पाणी सोडलं, गुडघ्यावर बसून हात फिरवला आणि कोरडा तळवा फादर क्वेंटिनना दाखवला. शुक्रवारी व्लास्ता आणि तिची मैत्रीण आर्लीन बदकं साफ करायला चर्चमध्ये गेल्या, तेव्हा व्लास्ताने आधी वर जाऊन भांड्यावर नुसता हात टेकवला. भांडं किंचित डुललं. खाली वाकून बघितलं तर एका बाजूला घडी घातलेला कागद सारलेला. चर्चचं साप्ताहिक पत्रक.

"काय गं?" दारातून आर्लीनने विचारलं. आर्लीन गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती, आणि गुपित पोटात ठेवायचं तर तिला जेवण जायचं नाही.

"गळणार हे," व्लास्ता म्हणाली. "तीन वेळा पाणी सोडून कळायचं नाही. पंधरा-वीस बायका ओळीने बसल्या, हलल्या, उठल्या, की गळणार. नेमकं जेवणाच्या वेळी. आणि खाली काय आहे माहितीये ना?"

खाली तळघरातला जेवणाचा हॉल होता.

"मग त्याला सांग ना आत्ताच!"

"सांगून झालंय. आणि समजा थोडं पाणी ठिबकलं, तर तो काय म्हणेल? बायकांच्या बुटांचा बर्फ वितळला. पाइपाला घाम आला. साध्या पाण्याला तो काहीही म्हणेल." बोलता बोलता तिची नजर जिन्यापाशी ठेवलेल्या मोठ्या बरणीवर गेली. बीटाचं लोणचं होतं त्यात, गडद जांभळ्या-लाल पाण्यात बुडालेलं. व्लास्ताचा चेहरा एकदम निष्पाप झाला. तो तसा झाला की काहीतरी शिजतंय हे आर्लीनला कळायचं.

"आर्लीन, बीटाच्या पाण्याला तो काय म्हणेल गं?"

शनिवारी सकाळपासून तळघरात टेबलं मांडायचं काम चाललं होतं. दुपारी एकच्या सुमाराला मांडणी झाली आणि पुरुषमंडळी रिवाजाप्रमाणे पत्ते खेळायला बसली. लुमिर, फादर क्वेंटिन आणि आणखी दोघे. कुठल्या टेबलाशी बसले? व्लास्ताने वरच्या भिंतीपासून पावलं मोजून, मापून, एका टेबलावर आधीच कॉफीची किटली आणि कोलाच्यांची ताटली ठेवली होती. पुरुष तिथेच बसणार, यासाठी पैज लावायची गरज नव्हती.

वर व्लास्ता आणि आर्लीनने खोलीचं दार आतून लावलं. भांड्यात पेलाभर बीटाचं पाणी ओतलं. मग टाकीतही ओतलं.

"बस," व्लास्ता म्हणाली.

"मी?"

"झाकण लावून बस. आणि जरा हल. चर्चच्या गायनात बसतेस तशी नको, पोल्का नाचतेस तशी."

आर्लीन झाकणावर बसून डावी-उजवीकडे झुलली. व्लास्ताने पाणी सोडलं. पुन्हा ओतलं, पुन्हा सोडलं. पाचव्या खेपेला आर्लीनला हसू आवरेना, तिने तोंडात रुमाल कोंबला. सातव्या खेपेला दोघी गप्प झाल्या, कारण खालून फादर क्वेंटिनचा आवाज आला.

"लुमिर, तुझ्या राजाला काहीतरी झालंय."

लुमिरच्या हातातल्या बदामाच्या राजाच्या नाकावर लाल थेंब पडला होता. लुमिरने तो अंगठ्याने पुसला. राजाचा चेहराच लाल झाला. दुसरा थेंब लुमिरच्या बाहीवर पडला.

"घाम," लुमिर म्हणाला. "गरम हवा वर जाते, थंड पाइपाला लागते, मग..."

"लाल घाम?" फादर म्हणाले.

"गंज असेल."

मग तिसरा थेंब, चौथा, आणि पाठोपाठ एक बारीकशी धार थेट टेबलाच्या मधोमध. चौघेही खुर्च्या मागे सारून उभे राहिले. फादर क्वेंटिन वर छताकडे बघत होते. कॉलेजात ते फुटबॉल खेळायचे. सव्वासहा फूट उंची, आणि फुटबॉल सुटल्यावर वाढलेलं वजन. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वर कुणाचा खून झालाय का?"

त्याच वेळी व्लास्ता जिना उतरून आली. मनगटापर्यंत दोन्ही हात लाल.

"काय झालं?" तिने विचारलं. "काही गळतंय का?"

लुमिरने तिच्या हातांकडे पाहिलं. मग छताकडे. मग टेबलाकडे. आंबट वास आला तसा त्याने बोट नाकाशी नेलं.

"बीट," तो म्हणाला. "ही बाई माझ्या डोक्यावर बीट ओततेय!"

"तुझ्या डोक्यावर कशाला? मी भांड्यात ओतलं. ते पाइपात जायला हवं होतं. इथे कसं आलं, ते तू सांग. तू चाळीस वर्षं बसवतोयस."

बाकीच्या दोघा पुरुषांना खोकला झाला. फादर क्वेंटिननी तोंड दुसरीकडे फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

लुमिर पडेल चेहऱ्याचा माणूस नव्हता. तो वाद घालायला तोंड उघडणारच होता. पण तेवढ्यात वरचं छत पुन्हा ठिबकलं आणि तो थेंब नेमका त्याच्या मिशीत अडकला. त्याने मिशी पुसली आणि खुर्चीत बसला.

"उद्या चारशे माणसं आहेत, व्लास्ता," तो हळूच म्हणाला. आवाजातली सगळी हवा गेली होती. "प्लंबर शहरात. रस्त्यावर बर्फ."

"प्लंबर कशाला? माझी पेटी गाडीत आहे."

"आधीपासून?"

"बुधवारपासून."

आधी टेबल, खुर्च्या, जमीन सगळं ब्लीचने धुतलं, पत्ते जाळले. मग व्लास्ताने गाडीतून पेटी आणली. त्यात दोन जाड मेणाची कडी होती. पण गाडी रात्रभर थंडीत उभी, मेण दगडासारखं घट्ट झालेलं. असं कडं बसवलं तर ते दबायचं नाही, तडकायचं. त्याला मऊ व्हायला ऊब हवी. स्वयंपाकघरात खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर कोलाच्यांचे गोळे फुगायला ठेवले होते, टॉवेल झाकून. व्लास्ताने एक कडं कागदातून काढून त्याच ओळीत शेवटच्या ताटलीत ठेवलं आणि त्यावरही टॉवेल टाकला. दुसरं तिने कोटाच्या आत, काखेत धरलं.

"तू काखेत का धरतेस?" आर्लीनने विचारलं.

"एकावरच भरवसा ठेवला आणि ते बिघडलं, की माणसं जुनं लावतात."

वर लुमिर पाणी बंद करून, टाकी रिकामी करून, उरलेलं पाणी स्पंजने टिपून बसला होता. दोघांनी मिळून भांडं उचललं आणि जुन्या टॉवेलवर आडवं ठेवलं. व्लास्ताने आधी पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबली, वास वर येऊ नये म्हणून. मग गुडघ्यांवर बसून ती निरखायला लागली.

तिला वाटलं होतं, जुनं चपटं कडं निघेल. तसं नव्हतं. लुमिरने जुनं मेण आणि त्याच्या घरच्या मेणबत्त्यांची टोकं हातात मळली होती, त्याची लांबच लांब वळी केली होती, आणि ती वळी वेटोळी घालत, एकावर एक, सुबक बसवली होती. प्रत्येक वेटोळ्यावर अंगठ्याचा ठसा सारख्या अंतरावर. कुणी आजी दिवाळीच्या चकल्या घालते, तसं. या कामाला दोन तास तरी लागले असतील.

"नवं कडं दोन मिनिटांत बसतं, लुमिर," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग हे काय?"

लुमिर पट्टीने मेण खरवडत राहिला. "आई मेणबत्तीची टोकं टाकू द्यायची नाही. दुष्काळाची ती धुळीची वर्षं. स्टॅन नि मी गोळा करायचो. डबा भरला की ती वितळवून नवी मेणबत्ती करायची. अजून मला टोक टाकता येत नाही. घरात चार डबे आहेत. ती ओरडते." ती म्हणजे त्याची बायको.

स्टॅनही टाकायचा नाही. व्लास्ताला एकदम आठवलं, तो गेल्यावर त्याच्या कपाटात खालच्या खणात सापडलेला एक डबा, आतली टोकं रंगांप्रमाणे वेगळी केलेली. तेव्हा तिला वाटलं होतं, ट्रक चालवणाऱ्या माणसाला हा कसला छंद. तिने तो डबा ठेवूनच दिला होता, का ते न कळता.

"मला कधी बोलला नाही तो," ती म्हणाली.

"तो काय बोलायचा?"

"तेही खरंच." तिने नाक ओढलं, आणि मग चष्म्यावरून बघितलं. "पण मेणबत्ती ती मेणबत्ती, लुमिर. ती जळते. भांड्याखाली जळायचं काही कारण नाही."

लुमिर हसला. मिशीत अजून थोडं बीट होतं.

पाइपाचं तोंड चकचकीत साफ झालं, भांड्याचं बूडही. नवे बोल्ट उभे केले. व्लास्ता म्हणाली, "कडं आणा," आणि खालून आर्लीनची किंकाळी आली.

"फादर! खाऊ नका! फादर!"

झालं होतं असं. फादर क्वेंटिनना कोलाच्या चोरायची सवय. गावातल्या बायकांना ती ठाऊक होती आणि त्या दर वेळी दोन जास्तीच्या करायच्या. त्यांनी टॉवेलची कड उचलली. शेवटच्या ताटलीतलं पिवळसर, गोल, मध्ये भोक असलेलं काहीतरी त्यांना नव्या तऱ्हेचं पक्वान्न वाटलं. त्यांनी ते तोंडाशी नेलं होतं. दात लागले नव्हते, पण पाच बोटांचे पाच खड्डे मात्र खोल रुतले होते.

"मला वाटलं, जर्दाळूची नवी पद्धत," जिन्यावर येऊन, कडं पुढे धरून ते म्हणाले.

व्लास्ताने कडं उलटसुलट करून बघितलं. "हे गेलं. खड्डा पडला की गळतं." तिने कोटातून दुसरं काढलं. गरम, मऊ, नीटस. "पण फादर, एक कडं वाया घालवलंत. प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

"सांगा. मी बाकीच्यांना देतोच."

"तुमचं वजन किती?"

फादरना प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा त्यांनी आर्लीनकडे बघितलं, पण आर्लीन आधीच भिंतीकडे तोंड करून उभी होती.

व्लास्ता आणि लुमिरने भांडं उचललं, बोल्टांच्या वर धरलं आणि सरळ, एकदाच, खाली सोडलं. मध्ये उचलायचं नाही, फिरवायचं नाही. मेण एकदाच दबतं. मग झाकण लावलं. "आता फादर, मधोमध बसा. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. उपदेश करताना उभे राहता तसे, पण बसून."

फादर क्वेंटिन बसले. काळा लांब झगा, गळ्यात पांढरी पट्टी, दोन्ही हात गुडघ्यांवर. भांडं हळूच, सुस्कारा टाकल्यासारखं, खाली बसलं. व्लास्ताने लाद्यांवर आडवी पट्टी टेकवून पाहिली. "अजून केसभर आहे. हलू नका. दहा मिनिटं."

"दहा?"

"मेण आहे ते, घाई केलेली आवडत नाही त्याला."

लुमिर गुडघ्यांवर बसून बोल्ट आवळायला लागला. एकदा डावा, एकदा उजवा, थोडा थोडा. एकच बाजू जोरात आवळली की भांड्याची चिनी माती तडकते, हे त्याला सांगावं लागलं नाही. व्लास्ता टॉर्च धरून होती. सगळं नीट चाललं होतं. पण शनिवार होता, आणि तीन वाजले होते, आणि शनिवारी तीन वाजता लीपाची माणसं फादरपाशी पापांची कबुली द्यायला येतात.

फादरना शोधत आलेल्या म्हाताऱ्या मिसेस जेलिनेक दारात उभ्या राहिल्या. हातात जपमाळ. त्यांनी आतलं दृश्य पाहिलं. फादर भांड्यावर, एकीकडे लुमिर गुडघे टेकून, दुसरीकडे व्लास्ता टॉर्च घेऊन.

"फादर," त्या म्हणाल्या, "मी नंतर येऊ का?"

"बसा बाहेर, मिसेस जेलिनेक," फादर अत्यंत शांतपणे म्हणाले. "मी येतोच. सध्या मला हलायची परवानगी नाही."

मिसेस जेलिनेक बाहेर बाकावर बसल्या. त्यांच्या शेजारी आणखी एक आला, मग आणखी एक. दाराशी कुजबुज वाढत गेली. लुमिरचा पाना थांबला. त्याच्या खांद्यांपासून एक हसणं सुरू झालं, ते पोटात उतरलं आणि मग त्याने नव्या लाद्यांवर कपाळ टेकलं. व्लास्ताच्या हातातली टॉर्च भिंतीवर नाचायला लागली. फादर मात्र हलले नाहीत. घाम पुसला, पण हलले नाहीत.

दहा मिनिटं झाली. पाणी सोडलं, मग उरलेलं बीटाचं पाणी ओतलं. सात वेळा, आठ वेळा. आर्लीन खाली टेबलावर पांढरा कागद पसरून बसली होती. कागद कोराच राहिला.

रविवारी लुमिर भांडी घासायला उभा राहिला. ॲप्रन बायकांचा होता, झालरीचा, आणि त्याच्या गुडघ्याच्या पुष्कळ वर संपत होता. डोक्याला लाल फुलांचा रुमाल. पहिला अर्धा तास तो कुणाकडे बघत नव्हता. मग त्याला वाटायला लागलं, बायका ताटं चुकीच्या क्रमाने आणतात. आधी पेले, मग ताटल्या, मग चरबीचे ट्रे, हे त्याने ओरडून सांगितलं. मग त्याने पाण्याची दोन घमेली कशी ठेवावीत ते ठरवलं. दुपारी तीनपर्यंत स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका लुमिरच्या हुकमाखाली धावत होत्या, आणि आर्लीन व्लास्ताच्या कानाशी म्हणाली, "पैज कोण जिंकलं गं नक्की?"

"घासतोय ना तो? मग घासू दे."

बॅंडने पोल्का सुरू केला तेव्हा लुमिर ओल्या हातांनी, ॲप्रन आणि रुमालासकट हॉलमध्ये आला आणि वहिनीसमोर उभा राहिला. ती उठली. दोघं नाचले. वाईट नाचले, कारण लुमिरला पावलंही सुधारायची होती, आणि व्लास्ता त्याला सुधारू देत नव्हती.

पुढे बरीच वर्षं लुमिर ही गोष्ट सांगत राहिला. त्याच्या गोष्टीत बीटाची युक्ती त्याची असायची. दुकानात, व्लास्तासमोर उभं राहूनसुद्धा तो बिनदिक्कत सांगायचा, "मीच म्हटलं हिला, रंग घाल म्हणजे कळेल." ऐकणारे व्लास्ताकडे बघायचे.

"हो, हो," ती म्हणायची, आणि त्याच्या पिशवीत, तो नको म्हणत असताना, आणखी एक कडं टाकायची. तो ते घेऊन जायचा. घरी नेऊन ते वापरायचा की वितळवायचा, हे तिने कधी विचारलं नाही.